वेग कुणाच्या हिशोबाने? रिलेटिव्ह मोशन आणि प्रोजेक्टाइलबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. रिलेटिव्ह मोशन (एकमेकांच्या हिशोबाने गती) आणि प्रोजेक्टाइल (हवेत फेकलेली वस्तू) हे दोन धडे लागले की दरवर्षी तेच प्रश्न येतात, मुलांकडून येतातच पण त्यांच्या आईवडिलांकडून आणि शेजारपाजाऱ्यांकडून पण येतात. क्लासमधे सगळं इंग्लिशमधे चालतं, मुलं फॉर्म्युला पाठ करून गणित सोडवतात पण "असं का होतं" विचारलं की गप्प बसतात, ते मला बघवत नाही. म्हणून इथे सगळं मराठीत, घरी बोलतो तसं. जिथे "समजा" म्हटलंय ते आकडे हिशोबापुरते धरलेत. जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, ते सगळीकडे ९.८ घेतलंय, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे हवेचा विरोध सोडून दिलाय.

प्रश्न: रिलेटिव्ह व्हेलॉसिटी म्हणजे नक्की काय?

तुम्ही जिथे आहात ते थांबलेलं आहे असं धरून समोरच्याचा वेग मोजायचा, जो येतो तो. गणितात त्याच्या वेगातून आपला वेग वजा करायचा, दिशा धरून. हायवेवर तुम्ही ६० ने चाललाय आणि शेजारच्या लेनमधली गाडी पण ६० ने, तर ती तुमच्या खिडकीसमोर जागच्या जागी आहे, तुमच्या हिशोबाने तिचा वेग शून्य. समोरून ६० ने येणारी मात्र १२० ने येतेय. "गाडी ६० ने चाललीय" हे वाक्यच अर्धवट आहे, रस्त्याच्या हिशोबाने ६० असं म्हटलं की ते पूर्ण होतं, पण रोजच्या बोलण्यात रस्ता आपण न सांगता धरून चालतो त्यामुळे तो धरलाय हेच विसरायला होतं. खालचे निम्मे प्रश्न तिथूनच आलेत.

प्रश्न: टीचर, ट्रेनमधे बॉल वर फेकला तर परत हातातच कसा येतो? तेवढ्यात ट्रेन पुढे गेलेली असते ना?

बॉल पण पुढे गेलेला असतो. समजा तुम्ही मडगावहून थिवीला चाललाय आणि ट्रेन ताशी १०८ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला ३० मीटरने पळतेय. तुम्ही बॉल सेकंदाला ३ मीटर अशा वेगाने सरळ वर उडवला. तो ४६ सेंटिमीटर वर जाणार आणि साधारण ०.६ सेकंदात परत हातात. त्या ०.६ सेकंदात ट्रेन १८ मीटर पुढे सरकली, बरोबर. पण हातातून सुटताना बॉलकडे तो ३० चा आडवा वेग आधीपासून होताच, कारण हात, सीट, तुम्ही, बॉल सगळे त्याच वेगाने चालले होते, आणि हात सुटला म्हणून तो वेग काढून घेणारं तिथे कोणीच नाही, डब्यातली हवासुद्धा सोबतच चाललीय. गुरुत्व फक्त खाली ओढतं, आडव्या वेगाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आता करमळीच्या प्लॅटफॉर्मवर कोणी उभा आहे आणि ट्रेन न थांबता जातेय. त्याला खिडकीतून तो बॉल दिसला तर तो १८ मीटर लांब आणि जेमतेम गुडघ्याएवढी उंच अशी चपटी कमान बघेल. तुमच्यासाठी सरळ वर-खाली, त्याच्यासाठी पॅराबोला, आणि दोघंही तितकेच बरोबर. हे एकदा आत उतरलं ना की प्रोजेक्टाइलचा अख्खा धडा म्हणजे ट्रेनमधला बॉल प्लॅटफॉर्मवरून बघणं एवढंच राहतं, दोन वेगळे धडे नाहीतच ते. मला तर वाटतं शिकवताना रिलेटिव्ह मोशन आधी आणि प्रोजेक्टाइल नंतर असंच घ्यावं.

गॅलिलिओने १६३२ मधे हेच जहाजाबद्दल लिहिलंय. जहाजाच्या बंद केबिनमधे माशा, फुलपाखरं, पाण्यात मासे आणि थेंब थेंब गळणारं भांडं ठेवा, जहाज धक्क्याला उभं असो की एकसारख्या वेगाने चाललेलं असो, आत काहीच फरक दिसणार नाही.

प्रश्न: आणि बॉल हवेत असताना ट्रेनने ब्रेक मारला तर?

तर तो तुमच्या पुढे पडेल. समजा ब्रेकमुळे ट्रेनचा वेग दर सेकंदाला १ मीटर पर सेकंदने कमी होतोय. ०.६ सेकंदात फरक पडतो १८ सेंटिमीटरचा. बॉलला कोणी पुढे ढकललेलं नाही, तो आपल्या जुन्या ३० नेच जातोय, ट्रेन मागे राहिली. म्हणून "एकसारखा वेग" ही अट महत्त्वाची. वेग बदलला की आतल्या माणसाला कळतं, नुसत्या वेगाने कळत नाही.

प्रश्न: खिडकीतून बाहेर टाकला तर?

बाहेरची हवा थांबलेली आहे, मग कागद टाकला तर लगेच मागे उडेल आणि जड वस्तू टाकली तर ती बराच वेळ ट्रेनसोबतच पुढे जात राहील. यातलं एक सगळ्यांनी लक्षात ठेवा. पाण्याची भरलेली बाटली तुम्ही "नुसती सोडली" असली तरी ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या कामगाराच्या हिशोबाने ती ताशी शंभराच्या वर वेगाने येतेय. स्पिन बोलरचा बॉल सहसा यापेक्षा कमी वेगाने येतो. खिडकीतून काही म्हणजे काही टाकू नका.

प्रश्न: चालत्या बसमधली माशी मागच्या काचेवर का आपटत नाही?

ती बसमधल्या हवेत उडते आणि ती हवा बससोबत चाललीय. टपावर सोडली तर मागेच राहील. छोट्या ड्रोनचंही तेच.

प्रश्न: पृथ्वी फिरते, तर हेलिकॉप्टर हवेत थांबवून ठेवलं की खालून दुसरं गाव का येत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण तो विचारणारा मुलगा खरंच विचार करत असतो. विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला साधारण ४६५ मीटर वेगाने फिरते, गोव्यात आपण १५.५ अक्षांशावर आहोत म्हणून थोडी कमी, ४४८ च्या आसपास, म्हणजे ताशी १६०० किलोमीटर. हेलिकॉप्टर उडायच्या आधी जमिनीवर उभं होतं तेव्हाही त्याच्याकडे हा वेग होता, वर गेल्यावर कुठे जाणार? शिवाय हवासुद्धा जमिनीबरोबर फिरतेय. "हवेत थांबवलं" याचा अर्थच जमिनीच्या हिशोबाने थांबवलं.

बारकावा पाहिजे असेल तर एक आहे. १०० मीटर उंचीवरून दगड सोडला आणि वारा अजिबात नसला तर आपल्याकडे तो बरोबर खाली न पडता साधारण २ सेंटिमीटर पूर्वेला पडेल. उंच जागेचा पूर्वेकडचा वेग पायथ्यापेक्षा किंचित जास्त असतो आणि दगड तो घेऊन खाली येतो.

आणि हा फुकटचा वेग कामाला पण येतो. श्रीहरिकोटा १३.७ अक्षांशावर, समुद्र पूर्वेला. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला सेकंदाला ४५० मीटर सुरुवातीलाच मिळालेले असतात, पश्चिमेकडे सोडलं असतं तर तेवढेच भरून काढावे लागले असते.

प्रश्न: रायबंदर-चोडण फेरीबोट समोरच्या धक्क्याकडे सरळ तोंड करून का जात नाही, तिरकी का लावतात?

कारण बोट पाण्यावर चालते आणि पाणी स्वतः चाललंय. बोटीच्या इंजिनाला फक्त पाणी कळतं, काठ कळत नाही. काठावरून जो वेग दिसतो तो म्हणजे बोटीचा पाण्याच्या हिशोबाने वेग अधिक पाण्याचा काठाच्या हिशोबाने वेग, व्हेक्टरने, म्हणजे दिशा धरून.

हिशोब करू. समजा नदी ६०० मीटर रुंद, बोटीचा वेग सेकंदाला ३ मीटर, प्रवाह सेकंदाला १ मीटर. नाक सरळ समोर ठेवलं तर २०० सेकंदात पलीकडे, पण त्या २०० सेकंदात प्रवाहाने २०० मीटर वाहून नेलं, धक्का राहिला बाजूला. बरोबर धक्क्यावर लागायचं असेल तर नाक प्रवाहाच्या विरुद्ध एवढं वळवायचं की बोटीच्या ३ पैकी १ प्रवाह खोडण्यात खर्च होईल, तो कोन येतो साडेएकोणीस अंश. मग पलीकडे जायला उरतो ८ चं वर्गमूळ म्हणजे २.८३. वेळ लागतो २१२ सेकंद. नुसते १२ सेकंद जास्त देऊन धक्का मिळाला. पेपरात "कमीत कमी वेळ" आणि "कमीत कमी अंतर" असे दोन वेगळे प्रश्न येतात ते हेच, पहिल्यात नाक सरळ, दुसऱ्यात तिरकं.

आणि मांडवीत रोज एक गोष्ट डोळ्याने बघता येते जी पुस्तकातल्या नदीत नसते, ती म्हणजे इथला प्रवाह दिशा बदलतो. ओहोटीला पाणी पणजीकडे, समुद्राकडे जातं, तेव्हा फेरीचं नाक जुन्या गोव्याच्या बाजूला वळवावं लागतं. भरतीला पाणी उलटं आत शिरतं, तेव्हा नाक पणजीच्या बाजूला. भरती-ओहोटीच्या मधे पाणी जवळपास थांबतं त्या वेळी फेरी खरंच सरळ जाते. पुढच्या वेळी फेरीवर मोबाइल खिशात ठेवा आणि पाण्यात वाहणाऱ्या एखाद्या जलपर्णीच्या पुंजक्याकडे आणि बोटीच्या नाकाकडे आळीपाळीने बघा, सगळे व्हेक्टर समोर दिसतात. फेरी चालवणाऱ्याने फॉर्म्युला शिकलेला नसतो आणि तो कोन हाताला बरोबर ठाऊक असतो, मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

प्रश्न: पाऊस सरळ पडतोय तरी स्कूटर चालवताना तोंडावरच का बसतो?

तुमच्या हिशोबाने तो सरळ पडतच नाहीये. पावसाचे मोठे थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने खाली येतात, हवेच्या विरोधामुळे त्यापेक्षा फार वाढत नाहीत. स्कूटर ताशी ४० ने म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तुमच्या फ्रेममधे, म्हणजे तुम्हाला थांबलेलं धरून, थेंबाला ९ खाली आणि ११ तुमच्या दिशेने असे दोन वेग आहेत, म्हणजे तो उभ्या रेषेपासून ५१ अंश झुकून समोरून येतोय. हेल्मेटची काच खाली करा, जुलैत तर नक्कीच.

याला जोडून विचारतात, जोरात गेलं तर जास्त भिजतो की कमी? वारा नसेल तर डोक्या-खांद्यावर पडणारं पाणी वेळेवर अवलंबून, म्हणजे लवकर पोचलात तर कमी. आणि समोरून छातीवर बसणारं पाणी फक्त अंतरावर अवलंबून, कारण तुम्ही वाटेतली हवा जणू कापत जाता आणि तेवढ्या जागेत असलेले थेंब गोळा करता, हळू जा की जोरात. म्हणून पायी असाल तर पळा. स्कूटरवर असाल तर त्या दोन थेंबांसाठी वेग वाढवू नका, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

प्रश्न: ओव्हरटेक करताना अंदाज का चुकतो?

हा मी मुद्दाम घेतलाय, कारण आपल्याकडे अजूनही पुष्कळ रस्ते दोन पदरी आहेत आणि बारावीतली मुलं लायसन्स काढायच्या वयाची. समोर बस ताशी ५० ने, तुम्ही ६० ने. बसच्या हिशोबाने तुमचा वेग फक्त १० किलोमीटर, सेकंदाला २.८ मीटर, म्हणजे जोरात पळणाऱ्या माणसापेक्षा पण कमी. बसची लांबी १२ मीटर धरा, मागे-पुढे सुरक्षित जागा मिळून ३० मीटर धरा, एकूण ४२ मीटर तुम्हाला त्या २.८ च्या वेगाने कापायचेत. लागतात १५ सेकंद. त्या १५ सेकंदात रस्त्याच्या हिशोबाने तुम्ही २५० मीटर उलट्या बाजूने गेलात, आणि समोरून कोणी ६० ने येत असेल तर तो पण २५० मीटर जवळ आला. म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना समोर अर्धा किलोमीटर मोकळा दिसला पाहिजे. वळणावर, चढावर तेवढा कुठे दिसतो? डोळ्यांना बसच्या बाजूने सरकणं दिसतं, स्वतःचं आणि समोरच्याचं जवळ येणं नीट मोजता येत नाही. हा हिशोब वहीत एकदा स्वतःच्या हाताने करा आणि मग गाडीला हात लावा.

प्रश्न: दोन गाड्या ५०-५० ने समोरासमोर आदळल्या तर ते १०० ने भिंतीवर आदळल्यासारखं ना?

नाही. व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी हे फिरतं आणि भरपूर शिकलेली माणसंही पुढे पाठवतात. रिलेटिव्ह व्हेलॉसिटी १०० आहे हे खरं. पण एकसारख्या वजनाच्या दोन गाड्या ५०-५० ने समोरासमोर येऊन थांबल्या तर प्रत्येकीचा वेग ५० वरून शून्यावर आला, जे ५० ने भक्कम भिंतीवर आदळताना होतं तेच. १०० ने भिंतीवर आदळणं याच्या चौपट ऊर्जेचं आहे, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो.

मग हुशार मुलं विचारतात, "टीचर, पण मी एका गाडीत बसून बघितलं तर दुसरी माझ्यावर १०० ने येतेय ना?" येतेय. पण तुमची गाडी भिंत नाहीये, ती मागे सरकते. त्या फ्रेममधे करून बघा: वस्तुमान एम, एक १०० ने, दुसरी थांबलेली, आदळून दोघी चिकटून ५० ने जातात. आधीची ऊर्जा ५००० एम, नंतरची २५०० एम, मोडतोडीत गेली २५०० एम, प्रत्येकीच्या वाट्याला १२५० एम. रस्त्याच्या फ्रेममधे प्रत्येकीची ऊर्जा अर्धा गुणिले एम गुणिले ५० चा वर्ग, ती पण १२५० एम. दोन्हीकडून उत्तर तेच आलं. ऊर्जा कुणाच्या हिशोबाने मोजली त्यावर बदलते पण पत्रा किती चेपला हे बदलत नाही, आणि ते बदलायला पण नकोच.

वजन सारखं नसेल तर चित्र भयानक होतं. भरलेला ट्रक ५० ने आणि समोरून स्कूटर ५० ने. ट्रकचा वेग जवळजवळ तसाच राहतो, स्कूटरवाला ५० पुढे होता तो क्षणात ५० मागे, त्याच्यासाठी बदल जवळपास पूर्ण १०० चा. त्या वेळी व्हॉट्सॲपवालं वाक्य खरं असतं, आणि फक्त त्या स्कूटरवाल्यासाठी.

प्रश्न: झाडावरचा आंबा पाडायला नेम कुठे धरायचा?

लटकलेल्या मानकुरादला थोडा वर. समजा हातापासून आंब्यापर्यंत सरळ रेषेत १० मीटर आहेत आणि दगड २० मीटर पर सेकंदने जातोय. पोचायला अर्धा सेकंद, तेवढ्यात दगड आपल्या सरळ रेषेपेक्षा १.२ मीटर खाली आलेला असतो. अगदी आंब्यावर नेम धरला तर १.२ मीटर खालून जाणार.

पण खरी गंमत आता. दगड हातातून सुटायच्या त्याच क्षणी आंबा देठातून सुटला तर? तर बरोबर आंब्यावरच नेम धरायचा आणि दगड लागणारच, जोरात मारा की हळू, फक्त जमिनीवर पडायच्या आधी पोचला पाहिजे. कारण तो १.२ मीटर दगड पडला तसा आंबाही पडला. आंब्यावर बसलेल्या मुंगीच्या हिशोबाने बघा, तिच्यासाठी गुरुत्व जणू नाहीच, कारण दगड आणि आंबा दोघांचं त्वरण एकच, वजा केलं की शून्य. तिला दगड एका सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने, थेट आपल्याकडे येताना दिसतो. दोन प्रोजेक्टाइल एकमेकांच्या हिशोबाने नेहमी सरळ रेषेतच जातात हे एक वाक्य माहीत असेल तर पेपरातलं पानभर गणित तीन ओळीत सुटतं.

प्रश्न: आडवी मारलेली गोळी आणि त्याच उंचीवरून नुसती सोडलेली गोळी, आधी कुठली पडेल?

सपाट जमिनीवर, हवा सोडून दिली तर दोन्ही एकदमच. दीड मीटरवरून ०.५५ सेकंद. ८०० च्या वेगाने सुटलेली तोपर्यंत ४४० मीटर लांब गेलेली असते एवढंच.

प्रश्न: विमानातून पुढे गोळी मारली तर विमानाचा वेग तिला मिळतो का? मग विमान स्वतःच्या गोळीला कधी गाठू शकणार नाही ना?

पहिल्याचं उत्तर हो. विमान २५० मीटर पर सेकंदने आणि बंदुकीतून गोळी ८०० ने सुटते, तर जमिनीच्या हिशोबाने १०५०. मागे मारली तर ५५०, तीही विमान जातंय त्याच्या उलट दिशेने. वेग सारखे असते तर गोळी जमिनीच्या हिशोबाने थांबून सरळ खाली पडली असती.

दुसऱ्याचं उत्तर मात्र "शकतं", आणि हे खरंच घडलंय. २१ सप्टेंबर १९५६ ला अमेरिकेत ग्रुमन कंपनीचा टेस्ट पायलट टॉम ॲट्रिज एफ-११ टायगर या सुपरसॉनिक विमानातून समुद्रावर तोफेची टेस्ट करत होता. खाली सूर मारत त्याने गोळ्या झाडल्या आणि तसाच आणखी खाली जात राहिला. गोळ्यांना सुरुवातीला विमानाचा वेग अधिक तोफेचा वेग होताच, पण त्यांच्यामागे इंजिन नव्हतं. हवेने त्यांचा वेग झपाट्याने कमी केला, त्या वाकून खाली आल्या आणि विमान त्याच जागी त्यांना भेटलं. काच फुटली, इंजिन बिघडलं, विमान जंगलात कोसळलं. पायलट जखमी झाला पण वाचला. "हवेचा विरोध सोडून द्या" हे वाक्य पेपरात छान आहे, आकाशात नाही.

प्रश्न: सगळ्यात लांब फेकायला ४५ अंश, हे खरं ना?

हवा नसेल आणि जिथून फेकलं त्याच पातळीवर पडणार असेल तर खरं. टार्टाग्लिया नावाच्या इटालियन गणितज्ञाने १५३७ मधेच तोफेसाठी ४५ सांगितलं होतं. पॅराबोलाचा पुरावा गॅलिलिओने १६३८ मधे छापला.

पण मांडवीच्या तोंडाशी रेइश मागूशच्या किल्ल्यावर उभं राहा आणि विचार करा. ३०० मीटर पर सेकंदने सुटलेला गोळा फॉर्म्युल्याने ९ किलोमीटरच्या वर जायला पाहिजे. त्या काळच्या तोफांचे गोळे तेवढे कधीच जात नसत. १७४२ मधे इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने गोळ्यांचा वेग खरोखर मोजून दाखवला की वेगवान गोळ्यावर हवेचा विरोध लोक समजत होते त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मैदानावर पण ४५ क्वचितच. भालाफेकीत साधारण ३५ च्या आसपास, कारण भाला खांद्याच्या वरून सुटतो, हवेत थोडा तरंगतो, आणि माणसाचा हात कमी कोनात जास्त जोर लावू शकतो. नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर टाकला तेव्हा धावण्याचा वेग पण त्यात होता. धावताना शरीराच्या हिशोबाने हाताने दिलेला वेग अधिक शरीराचा जमिनीच्या हिशोबाने वेग. फास्ट बोलरचा रनअप त्याचसाठी.

प्रश्न: दाबोळीला नेव्हीचा तो वर वळलेला रॅम्प कशासाठी आहे?

आयएनएस हंसा या नेव्हीच्या तळावरची ती सोय म्हणजे विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवरची नक्कल, टोकाला साधारण १४ अंश वर उचललेली. स्वदेशी तेजसच्या नेव्हीवाल्या विमानाने डिसेंबर २०१४ मधे इथूनच पहिल्यांदा तसं उड्डाण केलं आणि जानेवारी २०२० मधे त्याच जातीचं विमान आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर जाऊन उतरलं. माझ्या मते या दोन्ही धड्यांचं याच्याइतकं सुंदर उदाहरण जगात कमी आहे आणि ते आपल्या घराजवळ आहे.

आधी रिलेटिव्ह मोशन. पंखांना उचलायला हवेच्या हिशोबाने वेग लागतो, डेकच्या हिशोबाने नाही. म्हणून उड्डाणाच्या आधी जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात चालवतात. समजा जहाज २८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), समोरून वारा १० नॉट, तर डेकवर उभ्या विमानाला इंजिन जोर लावायच्या आधीच ताशी ७० किलोमीटर मिळालेत. उतरताना पण फायदा, कारण डेक पुढे पळतोय म्हणून विमान डेकच्या हिशोबाने कमी वेगाने येतं आणि अडवणाऱ्या वायरवर ताण कमी पडतो. जमिनीवरचा रॅम्प पुढे सरकत नाही, त्यामुळे दाबोळीला जहाजाचा तो वाटा मिळत नाही.

आता प्रोजेक्टाइल. डेक छोटा, टोकाला पोचेपर्यंत विमानाचा वेग उडायला पुरेसा झालेलाच नसतो. सपाट डेक असता तर विमान पाण्याकडे जायला लागलं असतं. रॅम्पवरून समजा ते ५० मीटर पर सेकंदने १४ अंशात सुटलं, तर वर जाण्याचा भाग १२ मीटर पर सेकंद. पंख अजिबात नसते, नुसता दगड असता, तरी परत त्याच उंचीवर यायला अडीच सेकंद लागले असते. या अडीच सेकंदात इंजिन चालूच आहे, दर सेकंदाला ६ मीटर पर सेकंद वाढ धरली तरी १५ ची भर, म्हणजे ताशी ५० च्या वर. शिवाय पंख अर्धीमुर्धी उचल देतच असतात म्हणून प्रत्यक्षात वेळ आणखी जास्त मिळतो. रॅम्प विमानाला उडवत नाही, उडण्यालायक वेग येईपर्यंत हवेत राहायला सवड देतो.

प्रश्न: मग धावत्या ट्रेनमधे टॉर्च लावला तर प्रकाशाला ट्रेनचा वेग मिळेल?

नाही. प्रकाशाचा वेग निर्वातात सगळ्यांच्या हिशोबाने एकच, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९०५ मधे आइन्स्टाइनने दाखवलं की वेगांची साधी बेरीज हीच अंदाजी आहे. खऱ्या सूत्रात बेरजेला एका छोट्या आकड्याने भागावं लागतं, १ अधिक दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. ३० च्या ट्रेनमधे ३० ने फेकलेल्या बॉलसाठी ६० मधे पडणारा फरक एकावर चौदा शून्यं दिल्यावर जो आकडा येतो त्यातला एक भाग. म्हणून ट्रेन, फेरी, विमान सगळ्यांना साधी बेरीज चालते.

प्रश्न: टीचर, सगळं समजतं तरी पेपरात मार्क कुठे जातात?

चिन्हांत आणि सुरुवातीच्या वेगात. वर प्लस धरलं की शेवटपर्यंत वर प्लस, मधेच बदलायचं नाही. आणि "सोडला" हा शब्द दिसला की मुलं सुरुवातीचा वेग शून्य लिहितात. सेकंदाला ५ मीटरने वर जाणाऱ्या फुग्यातून ३० मीटर उंचीवर दगड सोडला तर फुग्यातल्या माणसाच्या हिशोबाने तो शून्याने सुटला, पण जमिनीच्या हिशोबाने ५ ने वर जातोय. तो आधी सव्वा मीटर आणखी वर जातो, मग खाली येतो. प्लस ५ घेतलं तर जमिनीवर पोचायला ३.०४ सेकंद, शून्य घेतलं तर २.४७. प्रश्न वाचताना "सोडला" शब्दाखाली रेघ मारा आणि शेजारी लिहा, कशातून सोडला आणि ते कुठे चाललं होतं.